दवाखान्याची राखण : इतिहासाने शिकविलेले काही धडे



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. अमुक राजाने रस्ते बांधले, विहिरी खोदल्या, दवाखाने काढले, असे एखादे वाक्य प्रकरणाच्या अखेरीस येते. परीक्षेत त्यावर फार तर एका गुणाचा प्रश्न विचारला जातो, म्हणून विद्यार्थीही ते वाक्य घाईने वाचून पान उलटतात. पण त्या दवाखान्याचे पुढे काय झाले? तो किती वर्षे चालला? त्याचा खर्च कुणी केला? तो बंद पडू लागला तेव्हा कोण उभे राहिले? या प्रश्नांची उत्तरे त्या पुस्तकात नसतात. वस्तुतः लढाई एका दिवसात संपते, आणि दवाखाना मात्र रोज सकाळी उघडावा लागतो. तो रोज उघडत राहावा म्हणून निरनिराळ्या काळी माणसांनी काय केले, याचा थोडा इतिहास आपणांसमोर ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्या दृष्टीने दूरचा नाही. ज्या वस्त्यांतून आपल्या संस्थेची मुले शाळेत येतात, त्या वस्त्यांत आजारपण म्हणजे कर्ज, हे समीकरण घरोघर ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर असला, औषध असले, तर मुलाची फी भरली जाते. तो नसला, तर तेच पैसे खासगी इस्पितळात जातात, आणि थोरल्या मुलीचे किंवा मुलाचे शिक्षण थांबते. दवाखान्याचे दार आणि शाळेचे दार ही एकाच भिंतीत आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वक्फनाम्यातील इस्पितळ

आरंभ आपल्याला परिचित असलेल्या परंपरेपासून करू. इस्लामी जगात इस्पितळाला बीमारिस्तान म्हणत. बीमार म्हणजे आजारी, आणि स्तान म्हणजे ठिकाण. दमास्कस येथे नूरुद्दीन झंगी याने ११५४ साली असे एक बीमारिस्तान उभारले. कैरो येथे सुलतान कलाऊन याने १२८४ साली बांधलेले मन्सुरी बीमारिस्तान तर त्या काळच्या जगातील मोठ्या इस्पितळांपैकी एक होते. तेथे निरनिराळ्या रोगांसाठी निरनिराळे कक्ष होते, स्त्रियांची वेगळी व्यवस्था होती, औषधे तयार करण्याची जागा होती आणि वैद्यकाचे शिक्षणही चाले.

या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. परंतु यातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. ती म्हणजे या इस्पितळांमागचा वक्फनामा. सुलतानाने केवळ इमारत बांधून दिली असती, तर त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत तेथे कबुतरे नांदली असती. पण इस्पितळाच्या नावे दुकाने, जमिनी व इतर मिळकती वक्फ करण्यात आल्या. त्यांच्या उत्पन्नातून हकिमांचे पगार, औषधे, अन्न, अंथरूण-पांघरूण यांचा खर्च भागे. गरीब असो वा श्रीमंत, पुरुष असो वा स्त्री, आजाऱ्याला परत पाठवू नये, अशी अट लेखी घातलेली होती. म्हणजे आजारी माणूस तेथे सुलतानाच्या मेहेरबानीने जात नव्हता. त्याचा हक्क कागदावर होता.

अर्थात कागद असला म्हणजे सारे झाले असेही नाही. ज्या ज्या ठिकाणी वक्फाच्या मिळकती हळूहळू गिळंकृत झाल्या आणि हिशेब विचारणारे कुणी उरले नाही, तेथे तेथे इस्पितळेही ओस पडली. हक्क लिहिलेला हवा आणि तो वाचणारा, विचारणारा माणूसही हवा, ही पहिली शिकवण या जुन्या इतिहासातून मिळते.

मुंबईचा प्लेग : लोक इस्पितळावर का चालून गेले?

आता आपल्या राज्याच्या राजधानीत येऊ. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आणि बंदराच्या परिसरात, माणसे तापाने व गाठींनी पटापट मरू लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. प्रथम अनेकांचा विश्वास बसला नाही. पण काही आठवड्यांतच शहर हादरले. पुढच्या चार-पाच महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावोगावी निघून गेले. गिरण्या ओस पडल्या आणि बाजार थंडावले.

पालिकेने रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे व वेगळे ठेवण्याचे अधिकार घेतले. परिणाम काय झाला? ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथीच्या रोगांच्या इस्पितळावर चालून गेला. ज्या इस्पितळाने त्यांचे प्राण वाचवावयाचे, त्याच्यावरच दगडफेक झाली! फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, आणि मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. मग घरोघर झडत्या सुरू झाल्या. शिपाई, गोरे सोजीर आणि डॉक्टर घरात शिरत, बायकामुलांची तपासणी करीत, संशय आला की माणूस उचलून नेत. त्याच महिन्यात, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मरण आले. दुसऱ्या बाजूस, पुण्यातील प्लेग बंदोबस्ताच्या जुलमामुळे रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. एकाच साथीतील ही दोन दृश्ये आहेत. एका ठिकाणी सेवा, तर दुसऱ्या ठिकाणी सक्ती.

मुसलमान वस्त्यांत या झडत्यांविषयी फार कडवटपणा होता. परपुरुषाने घरात शिरून स्त्रियांना हात लावून पाहावे, ही गोष्ट कुणालाच सहन होण्यासारखी नव्हती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, जेथे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या जुलाहा विणकरांची दाट वस्ती होती, एका आजारी मुलीला नेण्यावरून प्रकरण पेटले. दंगल उसळून इतर भागांत पसरली, गोळीबार झाला आणि माणसे मेली. यानंतर सरकारला कळून चुकले की, बंदुकीच्या जोरावर औषध पाजता येत नाही. सक्तीचे उपाय हळूहळू सैल करण्यात आले.

परंतु याच मुंबईत याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. पारशी, मुसलमान, हिंदू अशा निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेगची इस्पितळे उघडली. तेथे रोग्याच्या जेवणाचे, पडद्याचे, धर्माचे नियम सांभाळले जात आणि आप्तांना भेटता येई. जी माणसे सरकारी इस्पितळाच्या नावाने दाराला कडी लावीत, तीच आपले रोगी येथे आणू लागली. म्हणजे लोकांचा विरोध उपचाराला नव्हता, अपमानाला होता.

लशीच्या बाबतीतही तेच. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक घाबरत होते. नाना अफवा उठल्या होत्या. तेव्हा खोजा इस्माइली जमातीचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह, जे त्या वेळी विशीच्या आसपासचे तरुण होते, त्यांनी सर्वांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांना तसे करण्यास सांगितले. हाफकिन यांच्या कामासाठी त्यांनी आपली जागाही दिली. त्यांच्या जमातीतील हजारो लोकांनी लस घेतली. हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढे परळ येथे गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

विद्यार्थ्यांनी या प्रकरणाच्या दोन्ही बाजू नीट ध्यानात घ्याव्यात. मदनपुऱ्याच्या विणकरांचा राग समजण्यासारखा होता, पण दगडाने प्लेग हटला नाही. प्लेगपासून माणसे वाचली ती लस घेतल्याने आणि वेळेवर सेवा मिळाल्याने. आपल्या समाजात आजही कुठे कुठे लशीबद्दल शंकाकुशंका ऐकू येतात. त्यांना उत्तर द्यायला आपल्याला परक्या उदाहरणाची गरज नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुंबईत एका तरुण धर्मप्रमुखाने आपला दंड पुढे करून ते उत्तर दिलेले आहे.

खाणकामगारांचा पै-पैसा

मुंबईत हे सर्व चालू असताना, हजारो मैलांवर वेल्समधील ट्रेडेगर नावाच्या कोळशाच्या आणि लोखंडाच्या गावी कामगारांनी एक निराळाच प्रयोग चालविला होता. खाणीत छप्पर कोसळे, हातपाय तुटत, छातीत कोळशाची धूळ भरे. डॉक्टर परवडत नसे. तेव्हा १८९० साली तेथे कामगारांची वैद्यकीय साहाय्य संस्था उभी राहिली. प्रत्येकाने आपल्या पगारातून दर पौंडामागे काही पेन्स द्यायचे आणि त्या पैशातून डॉक्टर, दाई, औषधे, पुढे इस्पितळसुद्धा चालवायचे, अशी ती व्यवस्था होती. कारभार कामगारांच्या समितीकडे होता. हळूहळू गावातील बहुतेक सर्व कुटुंबे तिच्यात सामील झाली.

या गावात १८९७ साली एका खाणकामगाराच्या घरी अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते खाणीत उतरले. पुढे तेथील इस्पितळ समितीचे काम त्यांनी पाहिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली ते ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले. ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. प्रत्येक नागरिकाला दवाखान्यात पैसे न देता उपचार मिळावेत आणि खर्च करातून भागावा, हे तिचे तत्त्व होते. एका गावाने पै-पैसा जमवून जे केले, तेच सबंध देशासाठी केले गेले. या सेवेचा गाडा ओढण्यात आपल्या उपखंडातून गेलेल्या हजारो डॉक्टर व परिचारिकांचा मोठा वाटा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

आपल्या देशातही साधारण त्याच वेळी असा विचार झाला होता. १९४३ साली नेमलेल्या आरोग्य पाहणी समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे. १९४६ च्या त्यांच्या अहवालाने सांगितले की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो, त्याची कल्पना या अहवालातून आली आणि १९५२ पासून अशी केंद्रे उघडू लागली.

लुइशमचा लढा

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे येतो. मिळालेली सेवा राखावी कशी, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

लंडनच्या आग्नेय भागात लुइशम नावाचा विभाग आहे. वस्ती मुख्यतः कष्टकरी आणि मध्यमवर्गीय. आफ्रिका, वेस्ट इंडीज, आशिया येथून आलेली असंख्य कुटुंबे तेथे राहतात. मशिदी आहेत, चर्च आहेत, मंदिरे आहेत. येथील इस्पितळ गरीबखान्याला जोडून १८९४ साली सुरू झाले. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या तेथील माणसे याच इस्पितळात जन्मली आणि अपघात झाला की याच इस्पितळात धावली.

शेजारच्या भागांत तीन इस्पितळे चालविणारा एक वेगळा आरोग्य न्यास होता. तो प्रचंड तोट्यात गेला होता. आठवड्याला दहा लाख पौंडांहून अधिक तूट येत होती. खासगी कंपन्यांकडून करारावर बांधून घेतलेल्या इमारतींचे हप्ते हे त्याचे एक मोठे कारण होते. जुलै २०१२ मध्ये सरकारने त्या न्यासावर विशेष प्रशासक नेमला. प्रशासकाने तीन महिन्यांत उपाय सुचविला. त्यात आश्चर्याची गोष्ट ही होती की, तोट्यात नसलेल्या, त्या न्यासाशी संबंध नसलेल्या, लुइशमच्या इस्पितळातील तातडीच्या उपचारांचा पूर्ण विभाग बंद करावा, बाळंतपणाचा डॉक्टरांचा विभाग बंद करावा, आणि इस्पितळाच्या जमिनीचा बराचसा भाग विकावा, असे म्हटले होते. शेजाऱ्याने कर्ज केले आणि जप्ती आपल्या घरावर आली, असा तो प्रकार होता.

लोक काय करतील? पहिली प्रतिक्रिया रागाची होती, पण ते रागावर थांबले नाहीत. तेथील डॉक्टर, परिचारिका, निवृत्त शिक्षक, आया, तरुण, म्हातारे यांनी एकत्र येऊन 'लुइशम इस्पितळ बचाव' मोहीम उभारली. डॉ. लुईझ आयर्विन नावाच्या मोहल्ल्यातीलच एक डॉक्टर तिच्या अध्यक्षा होत्या. स्वयंसेवकांनी बाजाराच्या दिवशी रस्त्यात टेबले मांडली, सह्या घेतल्या, पत्रके वाटली. घरांच्या आणि दुकानांच्या खिडक्यांत फलक लागले. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी भर पावसात हजारो लोकांनी मोर्चा काढून हातात हात घालून इस्पितळाला साखळीचा वेढा घातला. २६ जानेवारी २०१३ रोजी तर सुमारे २५ हजार लोक रस्त्यावर उतरले. परिसरातील मिलवॉल या फुटबॉल संघानेही पाठिंबा दिला. लहान मुले, बाबागाड्या, चाकांच्या खुर्च्या, इस्पितळातील कर्मचारी असा तो मोर्चा होता. कुठे दगड उचलला गेला नाही.

तरीही ३१ जानेवारी २०१३ रोजी आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी संसदेत थोड्या फेरफारांसह योजना मंजूर केल्याचे जाहीर केले. इतका मोठा मोर्चा निघून जेमतेम पाच दिवस झाले होते! अशा वेळी बहुतेक चळवळी खचतात. माणसे म्हणतात, आपण केले तेवढे केले, पुढे नशीब. लुइशमच्या लोकांनी मात्र कायद्याचे पुस्तक उघडले.

ज्या कायद्याखाली प्रशासक नेमला होता, त्यात शब्द काय आहेत ते त्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी बारकाईने पाहिले. प्रशासकाला ज्या न्यासावर नेमले, त्या न्यासाबाबत शिफारस करण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. 'त्या न्यासाबाबत' म्हणजे शेजारच्या न्यासाबाबत नव्हे! एवढ्याशा शब्दावर खटला उभा राहिला. लुइशम नगर परिषदेने एक दावा लावला आणि नागरिकांच्या मोहिमेने दुसरा. खर्चासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली. खटल्याच्या सुनावणीआधी, २९ जून २०१३ रोजी, मायकेल मॅन्सफील्ड या नामवंत वकिलाच्या अध्यक्षतेखाली तेथील नाट्यगृहात लोकांचा चौकशी आयोग बसला. डॉक्टर, रोगी, कर्मचारी यांनी तेथे एकेक करून आपली साक्ष नोंदविली.

३१ जुलै २०१३ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सिल्बर यांनी निकाल दिला की, मंत्र्यांनी आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेतला आहे. सरकार अपिलात गेले. २९ ऑक्टोबर २०१३ रोजी अपील न्यायालयानेही ते फेटाळले. तातडीचा विभाग वाचला, बाळंतपणाचा विभाग वाचला. आजही ते दोन्ही विभाग तेथे चालू आहेत.

येथे गोष्ट संपवली तर ऐकणाऱ्याला बरे वाटेल, परंतु इतिहास तेथे थांबला नाही. न्यायालयात हरल्यावर सरकारने कायदाच बदलायला घेतला. २०१४ च्या नव्या कायद्यात प्रशासकाचे अधिकार शेजारच्या न्यासांपर्यंत वाढविण्यात आले. लुइशमच्या लोकांनी त्यालाही विरोध केला, पण तो मंजूर झाला. म्हणजे जो शब्द त्यांच्या कामी आला, तो पुढच्या गावाच्या कामी येणार नव्हता. एकदा जिंकलेली गोष्ट कायमची जिंकलेली नसते. म्हणूनच खटला संपल्यावरही त्यांनी आपली मोहीम लगेच मोडली नाही.

आणखी एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीने सांगितली पाहिजे. प्रत्येक विभाग बंद करणे हे कारस्थानच असते, असे समजू नये. त्याच लंडन शहरात २०१० साली पक्षाघाताच्या रोग्यांसाठी ठिकठिकाणचे उपचार एकत्र करून आठ खास केंद्रे केली गेली. लोकांना थोडे लांब जावे लागले, पण तेथे चोवीस तास तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री मिळू लागल्याने मृत्यूंचे प्रमाण घटले. तेव्हा काय बंद होते आहे, त्याच्या जागी काय येते आहे, रोग्याला लाभ होणार की केवळ खर्च वाचणार, हे तपासून मग विरोध वा पाठिंबा ठरविला पाहिजे. लुइशमच्या मोहिमेला बळ आले, कारण तिच्यात तेथील डॉक्टर होते आणि ते आकड्याला आकड्याने उत्तर देत होते.

आपल्या दाराशी

पालकहो, आपण म्हणाल, लंडनची गोष्ट लंडनला. तेथे वकील, तेथे न्यायालये, तेथे सुशिक्षित जनता. आपल्या वस्तीत काय? म्हणून आपल्याकडच्या तरतुदी थोडक्यात सांगतो.

सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि अनुक्रमे ५ हजार व ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावयास हवे. आपल्या गावाची लोकसंख्या मुलांनी भूगोलाच्या तासाला काढावी आणि हिशेब करून पाहावा. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावपातळीवर आरोग्य समिती आणि दवाखान्याच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती यांची तरतूद केली. २०१३ नंतर शहरांतील गरीब वस्त्यांसाठी महिला आरोग्य समित्यांची योजना आली. या समित्यांना थोडा निधीही मिळतो. किती गावांत या समितीच्या सभासदांनाच आपण सभासद आहोत हे ठाऊक असते, हा प्रश्न मी येथे केवळ विचारून ठेवतो.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले होते. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्य सेवेवर देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. गावकरी दवाखान्याची पाहणी करीत, कोणती औषधे आहेत, डॉक्टर येतो का, बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात का, याचे प्रगतिपत्रक भरीत. मग जनसुनवाई होई. अधिकारी समोर बसत आणि लोक आपले अनुभव सांगत. शाळेत मुलांना प्रगतिपत्रक मिळते, तसे दवाखान्याला मिळू लागले. यातून अनेक ठिकाणी डॉक्टरांची हजेरी सुधारली, बंद पडलेली उपकेंद्रे उघडली आणि काही वेळा चुकीने घेतलेले पैसे परतही मिळाले. यात डॉक्टरांशी वैर नव्हते. औषधे वरूनच येत नाहीत, जागा भरल्याच जात नाहीत, ही डॉक्टरांची तक्रारही त्याच सभेत वर पोहोचत होती.

२००५ चाच माहितीचा अधिकार कायदाही आपल्या हाती आहे. दहा रुपये शुल्क आणि साधा अर्ज करून ३० दिवसांत माहिती मिळण्याचा हक्क त्याने दिला. आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, स्त्री डॉक्टर आहे की नाही, गेल्या वर्षी औषधांवर किती खर्च झाला, हे विचारता येते. आपल्या घरांतील स्त्रिया अनेकदा केवळ स्त्री डॉक्टर नाही म्हणून दुखणे अंगावर काढतात. मदनपुऱ्यात ज्या कारणाने दगड उचलला गेला, त्याच कारणासाठी आज आपण अर्ज लिहू शकतो. सव्वाशे वर्षांत जो बदल झाला तो हाच, आणि तो शिक्षणामुळे झाला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यावर मोठ्या माणसांचे ओझे टाकण्याचा माझा विचार नाही. अभ्यास हे तुमचे पहिले काम. पण आठवड्यातील एखादा तास तुम्ही देऊ शकता. आजीला लसीकरणाची तारीख वाचून दाखवा. शेजारच्या काकूंचा केसपेपर जपून ठेवायला सांगा. दवाखान्यात लावलेला सेवांचा फलक कधी पाहिला नसेल तर पाहा, आणि त्यावर जे लिहिले आहे ते तेथे मिळते का, हे वहीत टिपा. नववी-दहावीच्या मुलामुलींनी अर्ज कसा लिहावा हे मराठीच्या तासाला शिकलेले असते. परीक्षेत काल्पनिक अधिकाऱ्याला लिहितो, तसाच एक अर्ज वडील माणसांच्या सहीने खऱ्या अधिकाऱ्याला लिहून पाहा. त्याला गुण मिळणार नाहीत, पण उत्तर मिळेल.

पालकांना माझी विनंती आहे की, आपल्या मोहल्ल्यातून चार-पाच माणसे, त्यांत निदान दोन स्त्रिया, अशी एक लहानशी मंडळी तयार व्हावी. महिन्यातून एकदा जुम्मेच्या नमाजनंतर किंवा रविवारी सकाळी तिने आरोग्य केंद्रात जाऊन यावे. भांडायला नव्हे, पाहायला. काय कमी आहे ते लिहावे. चांगले काम करणाऱ्या परिचारिकेचे आणि आशाताईचे आभार मानावेत, कारण तेही कुणी करीत नाही. वस्तीत इतर जमातींचे लोक असतील तर त्यांना बरोबर घ्यावे. दवाखाना साऱ्यांचा असतो, आणि सगळे मिळून गेले तरच त्याची दखल घेतली जाते. लुइशमच्या मोर्चात कुणाचा धर्म कुणी विचारला नव्हता.

आपल्या पूर्वजांनी इस्पितळासाठी मिळकती वक्फ केल्या. आपल्यापैकी अनेकांजवळ देण्यासारखी मिळकत नाही. पण वेळ आहे, आणि आता मुलांच्या रूपाने घराघरांत अक्षरज्ञानही आले आहे. ही दोन्ही आपण खिदमतीसाठी दिली, तर आपल्या वस्तीतील दवाखान्याचे दार उद्या सकाळीही उघडे राहील. अल्लाह आपणा सर्वांना त्याची तौफिक देवो.